इरण्णामामा आणि सीनेची चिलापी

तुमच्या गावची नदी घाण झाली आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? वासानं? फोनवर फिरत आलेल्या फोटोनं? की माझ्यासारख्या कुणीतरी छापलेल्या पत्रकानं? मला ते एका माणसानं सांगितलं, आणि त्या माणसाला माशानं. दोघांपैकी एकानंही आवाज चढवला नव्हता, आणि मला तेव्हा चढलेल्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकूच येत नसे.

त्या माणसाचं नाव इरण्णा. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर होते. बाटल्या धुणं, सूक्ष्मदर्शक पुसणं, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणं, असं त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं असणार. सगळे त्यांना इरण्णामामा म्हणत. होटगीहून यायचे. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात सदऱ्याच्या आत लिंगायतांचं इष्टलिंग. जन्मात मासा सोडा, अंड्याचा तुकडाही त्यांच्या तोंडात गेला नव्हता. आणि माशाचं यकृत त्यांच्याइतकं स्वच्छ आणि झटपट काढणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

झटपट का, तर मासा मेला की यकृतातली विकरं, म्हणजे विषारी रसायनं मोडून बाहेर टाकण्याचं काम करणारी द्रव्यं, स्वतःच मोडायला लागतात. म्हणून बाजारातला मासा आमच्या उपयोगाचा नाही. मासा जिवंत हवा. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात तो निपचित पडला, की पोट उघडायचं, यकृत काढायचं आणि डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोवर गोठवायचं. यकृताला खेटून पित्ताची हिरवी पिशवी असते. ती फुटली की सगळं मुसळ केरात. आमच्या वर्गात प्रत्येकानं ती फोडली होती. मामांच्या हातून फुटलेली कुणाला आठवत नव्हती.

सुरी लावायच्या आधी ते माशाला हलक्या आवाजात "शरणू" म्हणायचे. त्यांच्यात माणसं एकमेकांना भेटल्यावर म्हणतात तसं. मग कात्री. आम्ही शिकत असलो की बाजूला उभे राहून कानडीत "निधान, निधान" म्हणायचे. हळू, हळू. स्वतःचा हात मात्र विजेसारखा.

"मामा, तुम्ही सांगता निधान आणि करता तुफान," मी एकदा म्हटलं.

"आदी तीस वर्सं निधान केलं की मग तुफान होतंय," ते म्हणाले.

आमच्या विभागाच्या मॅडम सीना नदीवर काम करत होत्या. मोहोळ तालुक्यात नदीचे दोन डोह त्यांनी धरले होते. एक वरचा, एक खालचा. मधे एक नाला नदीला मिळतो, आणि त्या नाल्यातून कारखान्यांचं पाणी येतं. दर हिवाळ्यात आणि दर उन्हाळ्यात दोन्ही डोहांतली एकाच मापाची चिलापी, म्हणजे तिलापिया मासे, धरायची आणि त्यांची यकृतं ताडून बघायची. असं सहा वर्षं करायचं ठरलं होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, एवढी यातायात कशाला, पाणीच तपासा की. मॅडम म्हणाल्या, "पाण्यात फक्त आज सापडतो. रात्री सोडलेलं पाणी सकाळी पुढं गेलेलं असतं. मासा तिथंच राहतो."

बाकीचं मामांनी समजावलं, आणि कोणत्याही पुस्तकात मला ते इतकं नीट सापडलं नाही.

"पोरी, यकृत म्हंजे घरातली थोरली सून. घरात जे काय वंगाळ येतंय ते तिच्याच हातात पडतंय. तिनंच निवडायचं, तिनंच धुवायचं, तिनंच भायेर टाकायचं. वंगाळ वाढलं की तिच्या भांड्यांचा आवाज वाढतोय. आपण दारात उभं राहून तेवढा आवाज ऐकायचा."

"आणि वंगाळ आणलं कोणी?"

"ते आवाजावरनं कळत न्हाय की. त्याला घरात शिरावं लागतंय. आपण शिरलोय का अजून? मग बोलायचं न्हाय."

मला हे उत्तर अजिबात पटलं नाही. मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा वस्तीतल्या नळासाठी पत्रक काढायचे, कामगारांसाठी काढायचे, जयंतीच्या मिरवणुकीत वाटायला काढायचे. शाईचा वास आला की आमच्या घरात सण असल्यासारखं वाटायचं. गुन्हेगाराचं नाव ठाऊक असताना गप्प बसणं म्हणजे त्याच्या पंगतीला बसणं, असं मी शिकले होते. आजही तेच मानते. फक्त 'ठाऊक असणं' म्हणजे काय, ते मामांकडून शिकावं लागलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी दिली.

नमुने आणायला नदीवर जाणं म्हणजे आम्हाला सहलच असायची. यकृत गोठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो, तो मामा जनावरांच्या दवाखान्यातून ओळखीवर आणायचे. त्याचा तो पोटफुगा कॅन एसटीत मांडीवर घेऊन बसायचे. गोठवलेलं वीर्य घेऊन गाई भरवायला येणाऱ्या डॉक्टरकडेही तसाच कॅन असतो. त्यामुळे गावच्या फाट्यावर उतरलं की कुणी ना कुणी गाठायचंच. एक म्हातारे तर नदीपर्यंत मागे आले.

"डाक्टर, आमची गाय माजावर आलीया. तेवढं बघून जावा की."

"आजोबा, मी माशासाठी आलोय."

म्हातारे थबकले. "आता माशास्नी बी भरवत्यात व्हय?"

मामा गंभीरपणे म्हणाले, "न्हाय. मासे अजून आपलं आपण बघत्यात."

खालच्या डोहाजवळ रुक्माबाईंचं घर होतं. भोई समाजातल्या. नवरा जाळं टाकायचा, त्या पाटी डोक्यावर घेऊन मोहोळच्या बाजारात बसायच्या. मामा त्यांना रुक्माक्का म्हणत, त्या मामांना अण्णा. दोघांची ओळख झाली तीच एका घोटाळ्यातून. मी तेव्हा कॉलेजात नव्हते, पण हा किस्सा विभागात इतक्यांदा सांगितला गेला आहे, की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं.

पहिल्या वर्षी मामांनी आदल्या दिवशी जाऊन निरोप ठेवला, की उद्या कॉलेजच्या मॅडम स्वतः मासे न्यायला येणार आहेत. दुसऱ्या दिवशी गेले तर रुक्माबाईंनी परातीत बारा चिलापी ओळीनं मांडून ठेवलेल्या. खवलं काढलेली, पोटं साफ केलेली, वरून हळद-मीठ चोळलेलं. शिकलेली बाई येणार, तिला कुठं घाण काढायला लावायची, म्हणून पहाटेपासून बसून केलेलं काम.

मामांनी विचारलं, "अक्का, पोटातलं कुटं हाय?"

"ते कुत्र्यानं खाल्लं की."

दारात कुत्रं बसलं होतं, जिभल्या चाटत. मामा त्याच्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे सीनेचं सगळं आता ह्यालाच म्हाईत."

पण त्या दिवसापासून रुक्माबाईंइतकं त्या कामात कुणी मुरलं नाही. मासे जिवंत ठेवायला नदीच्याच पाण्याचे कॅन, वरच्या डोहाच्या कॅनला पांढरं फडकं, खालच्याला तांबडं. एकदा त्या सहज बोलून गेल्या, "खालच्या डोहातल्या माशाची कलेजी बोटाला लागली की फुटती. वरली न्हाय फुटत. दोन सालं झाली मला दिसतंय." मामा मॅडमकडे वळले. "हे वहीत लिवा. आनि कोणी सांगितलं ते बी लिवा. बघणाऱ्याचं नाव न्हाय, तर बघितलेलं काय कामाचं?" प्रयोगाच्या वहीत त्या पानावर रुक्माबाईंचं पूर्ण नाव आहे. मी पाहिलं आहे.

काम झालं की रुक्माबाई जेवायचा आग्रह करायच्या. आम्ही सगळे बसायचो. तसं माशाचं कालवण मी पुन्हा खाल्लं नाही. मामा मात्र दर वेळी म्हणायचे, "पोट भरलंय, अक्का." आणि बाभळीखाली जाऊन आपला डबा सोडायचे. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. आम्हा कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

सहाव्या वर्षाची गोष्ट. मामा मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होते. उन्हाळ्याचे नमुने तेवढे राहिले होते. ते मिळाले की सहा हिवाळे, सहा उन्हाळे पुरे होणार होते आणि मॅडम अहवाल लिहिणार होत्या. मामा दिवस मोजत होते, पण निवृत्तीचे नव्हे. "एक उन्हाळा गळाला तर समोरचा म्हणेल, तेवढ्यातच सुधारलं असंल नदीचं. त्याला तेवढीच फट पुरती," असं म्हणायचे.

त्याच सुमारास मी मॅडमच्या वहीतले आकडे पाहिले. खालच्या डोहातल्या माशांची यकृतं वरच्यापेक्षा दर वर्षी जास्त झुंजत होती. माझं डोकं भणभणलं. मी कुणाला विचारलं नाही. दोन दिवसांत पत्रक छापून आणलं. 'सीनेत विष! मासे खाऊ नका! जाब विचारा!' मोहोळच्या बाजारात स्वतः उभं राहून वाटलं. लोक थांबून वाचत होते. मला वाटलं, नदीसाठी आपण काहीतरी केलं.

चार दिवसांनी मामा माझ्या टेबलाशी आले. हातात चौघडी केलेलं पत्रक.

"हे तुझं?"

"हो."

"छपाई झकास हाय." त्यांनी कागद उलगडला, बोट ठेवलं. "मासे खाऊ नका. हे कुटनं आणलंस?"

"मामा, आकडे तर..."

"आकडे यकृताचे. लोक मांस खात्यात. मांस आपण तपासलंय का?"

"नाही."

"मग?"

मी म्हणाले, की कारखानदारांना धाक बसायलाच हवा होता. मामांनी पत्रकाची पुन्हा चौघडी केली.

"कारखाना आजबी चालू हाय, पोरी. अक्काची पाटी बंद पडलीया."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ऊन असं, की नायट्रोजनच्या कॅनला हात लावून उभं राहावंसं वाटावं. रुक्माबाई दारातच होत्या. रिकामी पाटी भिंतीला उभी केलेली.

"आलासा? आता काय न्यायचंय?"

"अक्का, उन्हाळ्याचे मासे."

"मासं न्हाईत. जाळं वाळत घातलंय." त्या अडखळल्या आणि मग एकदम सुटल्या. "गावात काय म्हंत्यात ठावं हाय का तुला? कॉलेजातला अण्णा सहा वर्सं येतोय. सगळी जेवत्यात, ह्यो एकटा झाडाखाली बसतोय. ह्याला पैल्यापास्नं म्हाईत हुतं! ईख हाय म्हणून तू माज्या घरात खाईत न्हव्हतास. आनि मी रोज तेच नातवंडांच्या ताटात वाढत हुते!"

मी पुढं होऊन म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. ते मी लिहिलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पत्रकावर त्यांचा राग नव्हता. कागद काय, येतात आणि जातात. त्यांचा राग बाभळीखालच्या त्या डब्यावर होता.

मामा उंबऱ्यावर बसले. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "मामा, एक घास खा. सगळ्यांसमोर. प्रश्न मिटेल." मला तेव्हाही पत्रकासारखंच काहीतरी हवं होतं, चार ओळींत संपणारं.

ते मोठ्यानंच म्हणाले, "मी खाल्लं आनि जगलो, म्हंजे मासा चांगला? मेलो म्हंजे वाईट? ह्याला तपासणी म्हंत न्हाईत." मग त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि लिंग बाहेर घेतलं. "अक्का, हे बघ. आमच्यात मासा चालत न्हाय. कुणाच्याच घरचा न्हाय चालत. पैल्या दिवशीच सांगाय पायजे हुतं. पण तुजं सगळं मासळीवर. तुज्याच दारात उभं राहून 'आमच्यात चालत न्हाय' कसं म्हणू? लाज वाटली. म्हणून पोट भरलंय म्हंत गेलो. सहा वर्सं तुज्याशी खोटं बोललो."

रुक्माबाई बघत राहिल्या. लिंगाकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे. मग शांतपणे विचारलं, "आनि भाकरी? भाकरी बी पाण्यात पवती व्हय?"

मामांची मान खाली गेली.

हा प्रश्न मी आजवर ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा आहे. आमच्या वस्तीतल्या लोकांना तो समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या घरचं पाणी चालतं, कुणाच्या तव्यावरची भाकरी चालत नाही, हे सोसत आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. मामा तसे नव्हते, असं मला म्हणायचं आहे. पण मासळी शिजणाऱ्या चुलीवरचं त्यांना नको होतं, हेही खरंच आहे. कॉलेजसमोर आमलेटच्या गाड्यावर ते चहासुद्धा घेत नसत.

मग ते मान वर करून म्हणाले, "आन. भाकरी आन."

रुक्माबाईंनी आतून जर्मनची थाळी आणली. ज्या थाळीत आम्ही कालवण खायचो, तीच. भाकरी, मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. मामांनी पहिला तुकडा मोडला आणि क्षणभर हातात तसाच धरला. त्यांचे ओठ हलले. मग खाल्ला. सगळी भाकरी खाल्ली. थाळी पुढं करून म्हणाले, "अजून अर्दी दे."

या जेवणानं काहीही सिद्ध झालं नाही. मासा चांगला ठरला नाही, वाईट ठरला नाही. वहीत त्याची नोंद नाही. पण रुक्माबाईंनी अर्धी भाकरी वाढली आणि परड्याकडे तोंड करून नवऱ्याला हाक दिली, "आवो, जाळं काढा. वरल्या डोहात जावा आदी." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "तू बी जेव. आनि फुडच्या टायमाला छापशील तवा आदी मला वाचून दाव. मला वाचाय येत न्हाय, ऐकाय येतंय."

मी दुसरं पत्रक लिहिलं. आम्हाला काय कळलं आहे आणि काय कळलेलं नाही, एवढंच. रुक्माबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, दोन्ही माझी लाडकी होती. त्याच बाजारात ते वाटलं. त्यांचं गिऱ्हाईक परतलं, पण सावकाश, आणि सगळं नाही. ते सगळं परतलं असं मी लिहिलं, तर ते माझं दुसरं वाईट पत्रक होईल.

सहावा उन्हाळा पुरा झाला. गावानं प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात कारखान्यांविरुद्ध तक्रार केली, तिला अहवाल जोडला गेला. पाण्याचा नमुना आणा, असं कार्यालयानं कळवलं. पाणी कधीच वाहून गेलंय, यकृतं जागेवर आहेत, असं मॅडमनी उत्तर पाठवलं. तक्रार अजून चालू आहे, आणि सहापैकी एकही उन्हाळा गळालेला नसल्यामुळे ती अजून कुणाला फेकून देता आलेली नाही.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, भर पावसाळ्यात. खालच्या डोहात सकाळी मेलेल्या माशांचा खच पडला होता. पांढरी पोटं वर करून किनाऱ्याला लागलेले. निम्मं गाव जमलं होतं, प्रत्येकाच्या हातात फोन. माझ्याही. तेवढ्यात फाट्याकडून मामा येताना दिसले. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, काळा चष्मा, खांद्याला तोच कॅन. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आता त्यांचा कुठल्याही विभागाशी संबंध नव्हता.

ते गर्दीतून वाट काढत गेले आणि मेलेल्या माशांपाशी थांबलेच नाहीत. मी मागं धावले. "मामा, मासे इकडं आहेत!"

"त्यांचं सांगून झालंय," ते न वळता म्हणाले. "जो जगलाय त्याला विचारायचं. चल, वर जाऊ."

मी फोन आवरून, कुणाचा तरी प्रश्न संपवून निघेपर्यंत ते बरेच पुढं गेले होते. चिखलात एकेक पाऊल चाचपून टाकत, वेड्या बाभळींच्या कडेकडेनं, नाल्याच्या तोंडाच्याही पलीकडे. जाळं घेतलेला रुक्माबाईंचा नवरा पुढं आणि कॅन सावरत ते मागं. मग बाभळींआड दोघंही दिसेनासे झाले. त्या हिवाळ्यात मामा होटगीच्या घरी वारले. मला चार दिवस उशिरा कळलं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या नदीवर कोणीतरी जाळं टाकत असेल, कोणीतरी पाटी घेऊन बाजारात बसत असेल. त्यांच्या घरी जा. गेल्या दोन-चार वर्षांत माशात काय फरक दिसला, ते विचारा, आणि सांगणाऱ्याच्या नावानिशी, तारखेनिशी लिहून काढा. नाल्याच्या वरचा एक आणि खालचा एक असे दोन जिवंत मासे त्यांच्याकडून मागून घ्या आणि जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या दारात नेऊन उभे राहा. तिथले लोक आधी नाही म्हणतील. तरी उभे राहा. आणि हे या आठवड्यातच करा. मासे मरायची वाट बघू नका.